हरवलेली धाव आणि विसरलेला गजर

मे महिन्याची दुपार. वाड्यामागच्या मैदानावर सामना अगदी रंगात आला होता. भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर धावसंख्या होती ४७. फळा सांभाळायचं काम दोघांकडे होतं, मंदार आणि शिल्पा. तेवढ्यात बंड्यानं चौकार ठोकला. मंदारनं फळ्याकडे पाहिलं, "सत्तेचाळीस आणि चार, एक्कावन्न" असं मनाशी म्हटलं आणि तो खडू शोधायला लागला. खडू काही सापडेना! इकडे पुढचा चेंडू पडलासुद्धा, आणि तो निघाला वाइड. शिल्पाच्या हातात खडू तयारच होता. तिनं फळा पाहिला, ४७. त्यात एक मिळवला, ४८ लिहिले आणि ती पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. एवढ्यात मंदारला खिशाच्या तळाशी खडू सापडला. तो धावत आला, त्यानं फळ्यावरचा आकडा न बघताच पुसला आणि ऐटीत लिहिलं, ५१.

खरी धावसंख्या होती ५२. एक धाव हवेत विरून गेली. आणि सामना गेला तोही नेमका एका धावेनं! मग काय विचारता?

"अरे, फळा बघून लिहायचंस ना!"

"बघूनच बेरीज केली मी! तूच मध्ये लुडबुड केलीस."

"लुडबुड कसली? मीसुद्धा बघूनच लिहिलं!"

मुलांनो, या भांडणात गंमत अशी की दोघंही खरं बोलत होते. दोघांची बेरीज बरोबर होती. दोघांनीही लबाडी केली नव्हती. चूक झाली ती दोघांच्या मधल्या फटीत. 'पाहिलं' आणि 'लिहिलं' या दोन गोष्टींमध्ये जो थोडासा वेळ गेला, तेवढ्यात दुसऱ्यानं फळा बदलला.

अशीच चूक संगणकातही होते. तिला 'रेस कंडिशन' म्हणतात. रेस म्हणजे शर्यत. दोन कामं एकाच गोष्टीला हात घालायला धावतात, आणि कोण आधी पोचतं यावर उत्तर बरोबर येणार की चूक, हे ठरतं. आज आपण अशाच एका खऱ्याखुऱ्या चुकीची गोष्ट ऐकणार आहोत. ती जगभरच्या असंख्य संगणकांमध्ये पाच वर्षं दडून बसली होती, आणि कोणाला तिचा पत्ताही नव्हता!

सगळ्या किल्ल्या ज्याच्या कमरेला

आधी थोडी ओळख करून घेऊ. संगणकात आपण चित्रं काढतो, खेळ खेळतो, पत्र लिहितो. ही सगळी वेगवेगळ्या प्रोग्रॅमची कामं. पण या प्रोग्रॅमना काय हवं नको ते बघणारा, कोणाला किती जागा द्यायची, कोणी कधी काम करायचं, हे ठरवणारा एक मुख्य कारभारी लागतो. त्याचं नाव कर्नेल. कर्नेल म्हणजे दाण्याच्या आतला गर, गाभा. संगणकाच्या सगळ्या किल्ल्या या कारभाऱ्याच्या कमरेला असतात. बाकीच्या प्रोग्रॅमना कुठलंही दार उघडायचं झालं तर त्याला विचारावं लागतं.

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं असं एक कर्नेल लिहायला घेतलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याचंच नाव लिनक्स. पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आज आपल्या घरातला अँड्रॉइड मोबाइल लिनक्स कर्नेलवरच चालतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघाली, तेव्हा त्यातले ५०० च्या ५०० लिनक्सवर चालत होते!

आता तुम्ही म्हणाल, कारभारी एकच असेल तर शर्यत कोणाकोणात? इथंच तर खरी मेख आहे. आजच्या संगणकाला एक नाही, चार, आठ, कधी त्याहूनही जास्त मेंदू असतात. त्यांना 'कोअर' म्हणतात. एकच प्रोग्रॅम आपल्या कामाचे दोन धागे करून दोन मेंदूंना एकाच वेळी कामाला लावू शकतो. म्हणजे कारभारी एक, पण त्याचे हात अनेक! आणि डाव्या हाताला उजव्याचं काय चाललंय ते ठाऊक नसेल तर? आपल्या फळ्यासारखं होतं.

नेटवर्कचं रहाटगाडगं

इंटरनेटवरून येणारी चित्रं, पत्रं, गाणी एकसंध येत नाहीत. त्यांची लहान लहान पाकिटं होतात. एका सेकंदात अशी हजारो पाकिटं संगणकाच्या दारात येऊन पडतात. काही खास प्रोग्रॅमना ही पाकिटं जशीच्या तशी बघायची असतात. उदाहरणार्थ, नेटवर्क कुठं अडलंय हे शोधणारे तंत्रज्ञ असे प्रोग्रॅम वापरतात.

दर पाकिटासाठी कारभाऱ्याला हाक मारत बसलं तर दिवस पुरायचा नाही. म्हणून लिनक्समध्ये एक छान सोय आहे. तुम्ही कुठं विहिरीवरचं रहाटगाडगं पाहिलंय का? किंवा आजोबांकडून ऐकलं असेल. चाकावर गाडग्यांची माळ असते. खाली गाडगी भरतात, वर रिकामी होतात, आणि फिरून पुन्हा खाली जातात. अगदी तसंच! कर्नेल एका बाजूनं गाडगी पाकिटांनी भरतं, प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूनं रिकामी करतो. याला 'रिंग बफर' म्हणतात.

या रहाटाचे तीन प्रकार होते. त्यांतला तिसरा ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्समध्ये आला. त्यात एक नवी युक्ती होती. समजा पाकिटं फारच हळू येत आहेत आणि गाडगं अर्धंच भरलंय. मग ते भरेपर्यंत ताटकळत का बसायचं? म्हणून तिसऱ्या प्रकारात गजराचं घड्याळ बसवलं. ठरलेला वेळ झाला की गजर होणार, आणि गाडगं अर्धवट असलं तरी वर पाठवलं जाणार. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात हे घड्याळ नव्हतं.

युक्ती चांगलीच होती. पण तिच्याबरोबर चोरपावलांनी एक चूकही आत शिरली.

धर्मशाळेतली फजिती

ही चूक समजायला आपण एका धर्मशाळेत जाऊ. धर्मशाळा अर्थात मनातली!

इथं गणपतराव खोल्या लावतात. वहीत त्या खोलीपुढं १, २ किंवा ३ असा प्रकार लिहिलेला असतो. प्रकार ३ असेल तर खोलीत गजराचं घड्याळ ठेवायचं. गजर झाला की रखवालदारानं त्या खोलीत जायचं, टेबलावरची चिठ्ठी वाचायची आणि त्यात लिहिलेलं काम करायचं. चिठ्ठीत बहुधा 'पाहुण्यांना चहा द्या' एवढंच असतं. खोली पूर्ण लागली की दारावर 'खोली तयार' अशी पाटी लावायची.

सदूभाऊंकडे दुसरं काम. कोणी येऊन म्हणालं की "अहो, माझ्या खोलीचा प्रकार बदला," की ते वहीत बदल करतात. पण नियम असा की आधी दारावर पाटी आहे का ते बघायचं. पाटी असेल तर बदल करायचा नाही.

एके दिवशी गणपतरावांनी वही पाहिली, ७ नंबरची खोली, प्रकार ३. ते आत गेले, घड्याळाला चावी दिली, चिठ्ठी ठेवली आणि चादर घालायला लागले. पाटी लावायची अजून बाकी. तेवढ्यात सदूभाऊंकडे निरोप आला, "खोली ७ चा प्रकार १ करा." सदूभाऊंनी दाराकडे पाहिलं. पाटी नाही. म्हणजे अजून कोणी खोली लावलेली नाही! त्यांनी ३ खोडून १ लिहिला. मग गणपतराव बाहेर आले आणि त्यांनी पाटी लावली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. आवराआवर करणाऱ्यानं वही पाहिली. प्रकार १. म्हणजे घड्याळ नसणारच. त्यानं घड्याळ शोधलंच नाही. खोली झाडली आणि नव्या पाहुण्याला दिली. कोपऱ्यात घड्याळाची टिकटिक चालूच!

आता हा नवा पाहुणा जर साधाभोळा असेल तर फार तर त्याची झोपमोड होईल. पण तो जर बदमाश असेल तर? तो टेबलावर आपली चिठ्ठी ठेवेल: 'तिजोरीच्या किल्ल्या मला आणून द्या.' गजर होईल, रखवालदार येईल, नियमाप्रमाणे चिठ्ठी वाचेल आणि किल्ल्या आणून देईल. रखवालदाराचा काय दोष? त्याला कुठं ठाऊक की चिठ्ठी बदललेली आहे!

लिनक्समध्ये हुबेहूब हेच घडत होतं. खोली म्हणजे संगणकाच्या स्मृतीतली जागा. एक धागा रहाट उभारत असायचा, आणि तेवढ्यात दुसरा धागा त्याचा प्रकार ३ वरून १ करून टाकायचा. रहाट बंद करताना कर्नेल प्रकार १ बघून गजर काढायचं विसरायचं. ती जागा मोकळी होऊन दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती जायची, आणि मग गजर वाजायचा. दुष्ट हेतूनं लिहिलेल्या प्रोग्रॅमनं त्या जागेत आपली 'चिठ्ठी' आधीच ठेवलेली असली, तर सगळ्या किल्ल्या बाळगणारा कारभारी ती निमूटपणे पाळायचा. दोघांची गडबड आणि तिसऱ्याचा लाभ!

पाच वर्षं कोणालाच कसं दिसलं नाही?

अहो, ती फट होतीच एवढीशी! डोळ्याचं पातं लवायला जेवढा वेळ लागतो, त्याहूनही ती किती तरी लहान. रोजच्या कामात दोन धागे नेमके त्याच क्षणी, त्याच जागी यावेत, असं होणं फारच कठीण. मंदारचा खडू खिशात लगेच सापडला असता तर आपल्या सामन्यात तरी चूक झाली असती का?

आणि अशा चुका मोठ्या लबाड असतात. शंभरदा तपासा, सगळं ठीक. एकशे एकाव्या वेळी घोटाळा. घोटाळा का झाला हे बघायला प्रोग्रॅममध्ये 'मी आता इथं आहे, मी आता तिथं आहे' असं लिहिणाऱ्या ओळी घालाव्यात, तर त्या ओळींना लागणाऱ्या वेळामुळे शर्यतीची चालच बदलते, आणि चूक गायब! अशा चुकीला संगणकवाले गमतीनं 'हायझेनबग' म्हणतात. हायझेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून हे नाव पडलं.

पण ज्याला मुद्दाम चूक घडवून आणायची आहे, तो थोडाच दैवावर विसंबतो? तो हजारो वेळा प्रयत्न करतो. एकदा जरी नेम लागला तरी त्याला पुरे.

२०१६ साली फिलिप पेटरसन या संशोधकाला लिनक्सचा हा भाग वाचताना ही फट दिसली. त्यानं प्रयोग करून दाखवलं की काही लिनक्स संगणकांवर अगदी साधा वापरकर्ताही या वाटेनं साऱ्या संगणकाचा मालक होऊ शकतो. मग त्यानं काय केलं? गावभर दवंडी पिटली नाही. आधी कर्नेल सांभाळणाऱ्यांना गुपचूप कळवलं आणि दुरुस्तीही स्वतःच लिहून दिली. लिनक्सच्या नेटवर्क विभागाची देखरेख तेव्हा डेव्हिड मिलर करत असत. त्यांनी ती डिसेंबरच्या सुरुवातीला स्वीकारली. त्यानंतर, ६ डिसेंबर २०१६ ला, ही गोष्ट जगजाहीर झाली. चोराला कळण्याआधी कडी बसवायची, ही त्यातली नीती.

कुलूप होतं, पण उशिरा लागत होतं

दुरुस्ती समजायला रेल्वेच्या स्टेशनात चला. पूर्वी आपल्याकडे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून गोळ्याची पद्धत होती. दोन स्टेशनांवर दोन यंत्रं, आणि ती तारेनं एकमेकांशी जोडलेली. त्यांतून एका वेळी एकच लोखंडी गोळा बाहेर निघायचा. तो चामड्याच्या पिशवीत घालून इंजिन ड्रायव्हरला द्यायचे. ज्याच्याकडे गोळा, त्याचीच गाडी त्या मार्गावर जाणार. पुढच्या स्टेशनात गोळा परत दिला की मगच दुसऱ्याची पाळी.

संगणकातलं 'लॉक' म्हणजे असाच गोळा. योगायोग बघा, एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात अशा युक्त्या शोधल्या, तेव्हा त्यानं एकीला नाव दिलं 'सेमाफोर'. हा शब्द रेल्वेच्या हातवाल्या सिग्नलचा!

मग लिनक्सच्या या भागात कुलूप नव्हतं का? होतं की! पण गणपतराव खोली निम्मीअधिक लावून झाल्यावर ते घ्यायचे, आणि सदूभाऊ तर घ्यायचेच नाहीत. दुरुस्ती एवढीच होती: गणपतरावांनी वही वाचायच्याही आधी कुलूप घ्यायचं आणि पाटी लावून झाल्यावरच सोडायचं. सदूभाऊंनीही आधी कुलूप घ्यायचं, मग पाटी बघायची, मग वहीत लिहायचं. लक्षात घ्या, दोघांनीही! एकानंच गोळा पाळला आणि दुसरा तसाच गाडी घेऊन निघाला, तर त्या गोळ्याचा उपयोग काय?

पाच वर्षांची चूक, आणि दुरुस्ती जेमतेम वीसेक ओळींची.

"मग सगळीकडेच कुलपं का लावत नाहीत?" तुमच्यातला एखादा चौकस मुलगा नक्की विचारील. कारण कुलपामुळे वेळ जातो. एकाजवळ गोळा असताना बाकीचे थांबून राहतात. शिवाय दुसराही धोका आहे. समजा ताईनं रंगपेटी घेतली आणि दादानं ब्रश. ताई म्हणते, "ब्रश मिळाल्याशिवाय मी रंगपेटी देणार नाही." दादा म्हणतो, "रंगपेटी मिळाल्याशिवाय मी ब्रश देणार नाही." बसा आता संध्याकाळपर्यंत! संगणकातही दोन कुलपांवरून असे दोन धागे कायमचे अडून बसतात. म्हणून कुलपं कोणत्या क्रमानं घ्यायची याचाही नियम लागतो. 'आधी रंगपेटी, मगच ब्रश' असा नियम दोघांनी पाळला की भांडण मिटलं.

शेजारच्या खोलीतही तेच

गोष्ट इथं संपली असं वाटलं ना? पण आठ महिन्यांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, लिनक्सच्या त्याच भागात अगदी तशीच दुसरी फट सापडली. या वेळी रहाटाचा प्रकार नाही, तर गाडग्यात किती जागा राखून ठेवायची तो आकडा मध्येच बदलता येत होता. उपायही तोच, कुलूप घेऊन मग बदल. म्हणजे गणिताच्या वहीत एक चूक सापडली की बाई म्हणतात ना, "तशीच चूक आणखी कुठं केलीयस का ते बघ," ते उगीच नाही!

पुढे २०२० साली लिनक्समध्ये अशा फटी हुडकणारं खास साधन आलं. ते मोठं मिश्कील आहे. एखादा धागा स्मृतीतल्या एका जागेला हात लावतो आहे असं दिसलं की हे साधन त्याला मुद्दाम क्षणभर थांबवून ठेवतं आणि बघत बसतं, की तेवढ्यात दुसरा कोणी त्याच जागेला हात घालतो का. म्हणजे मंदारचा खडू मुद्दाम लपवून ठेवायचा आणि शिल्पा काय करते ते बघायचं!

एवढा खटाटोप कशाला, असं कोणाला वाटेल. तर १४ ऑगस्ट २००३ चा दिवस आठवा. त्या दिवशी अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. वीज जाण्याची कारणं अनेक होती. विजेच्या तारा झाडांना टेकल्या, एकीचा भार दुसरीवर पडत गेला. पण एका नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारा प्रोग्रॅमच मुकाट्यानं बंद पडला होता आणि तिथल्या माणसांना ते कळलंही नाही. पुढे कित्येक आठवडे शोध घेतल्यावर कारण सापडलं. दोन कामं एकाच वेळी एकाच माहितीवर लिहायला गेली होती. तीच ती शर्यत!

म्हणून पालकांनाही एक सांगणं. मोबाइलवर 'अपडेट करा' असा निरोप आला की आपण पुष्कळदा "नंतर बघू" म्हणतो. त्या निरोपात नवी चित्रं किंवा नवे रंगच असतात असं नाही. कुणीतरी रात्र रात्र जागून शोधलेली, अशी एखाद्या विसरलेल्या गजराची दुरुस्तीही त्यात असते.

करून पाहा

एक पाटी घ्या, तिच्यावर ० लिहा. दोन मित्रांनी प्रत्येकी दहा वेळा पाटीवरच्या आकड्यात १ मिळवायचा. रीत अशी: आकडा वाचायचा, पाठ फिरवायची, मनात पाच अंक मोजायचे, वळायचं आणि पाटीवरचा आकडा पुसून आपलं उत्तर लिहायचं. एकमेकांसाठी थांबायचं नाही. शेवटी २० यायला हवेत. येतात का बघा!

मग दुसऱ्या खेपेला एक डस्टर मध्ये ठेवा. ज्याच्या हातात डस्टर, त्यानंच वाचायचं आणि लिहायचं, आणि लिहून होईपर्यंत डस्टर सोडायचा नाही. आता किती आले?

जाता जाता एक कोडं. पहिल्या खेपेला, डस्टर नसताना, दोघांनी कितीही वेळ पाठ फिरवून उभं राहायला हरकत नाही असं ठरवलं, तर शेवटी पाटीवर कमीत कमी किती येऊ शकतील? दहा? की त्याहूनही कमी? आधी स्वतः डोकं चालवा, मगच खाली बघा.

(उत्तर: अवघे २! पहिला ० वाचून पाठ फिरवतो. दुसरा आपल्या नऊ पाळ्या उरकतो. मग पहिला १ लिहितो. दुसरा तो १ वाचतो आणि आपल्या शेवटच्या पाळीसाठी पाठ फिरवतो. पहिला आपल्या उरलेल्या नऊ पाळ्या पुऱ्या करतो. शेवटी दुसरा वळतो आणि ऐटीत लिहितो, २. अठरा बेरजा पाण्यात!)